नव्या सिस्टरला कामं वाटू नका, पेशंट द्या

एका जिल्ह्याच्या गावातल्या ट्रस्टच्या रुग्णालयातून वॉर्ड इन्चार्ज सिस्टरांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचा ३२ खाटांचा मेडिसिन वॉर्ड आहे. गेल्या जुलैत सहा नवीन स्टाफ आले, चार मुली आणि दोन मुलगे. कुणी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), कुणी बीएस्सी नर्सिंग, सगळे कॉलेजातून थेट. आठ महिन्यांत दोघी सोडून गेल्या. उरलेले चौघे ड्युटीला वेळेवर येतात, बोट ठेवावं अशी चूक करत नाहीत, पण ‘डोळ्यांत काही दिसत नाही’, असं त्या लिहितात. एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, तर जरा मोकळा झाला की मोबाइल काढतो. व्यवस्थापनाचं म्हणणं, एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवू. सिस्टर विचारतात, ‘हल्लीच्या मुलांना कामाची आवडच नाही, की आमचंच काही चुकतंय?’

सिस्टर, तुमचं ते ‘डोळ्यांत काही दिसत नाही’ वाचलं आणि मला माझ्या वॉर्डातले कितीतरी चेहरे आठवले. एकतीस वर्षं मी नर्सिंग केलं. त्यातली अकरा वर्षं इन्चार्ज होते, शेवटची सहा मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख. ते डोळे मी ओळखते. आणि तसे डोळे घेऊन पहिल्या दिवशी कुणी येत नाही, हेही मला ठाऊक आहे. जुलैतला तो पहिला आठवडा आठवून बघा. इस्त्रीचा युनिफॉर्म, खिशात दोन रंगांची पेनं, हातात छोटी वही, तुम्ही सांगाल ते टिपून घ्यायची धडपड. घरच्यांनी ढकललं म्हणून आलेली एखादी त्यात असेलही. पण सहाच्या सहा तशी नसतात. तेव्हा आवड होती की नव्हती यापेक्षा, ती होती ती कुठे गेली, हे शोधू या.

आधी मला सांगा, सकाळच्या ड्युटीला तुम्ही कामं कशी वाटता? माझा अंदाज असा. एक जुनी सिस्टर इंजेक्शन-सलाईनला. एक डॉक्टरांच्या राऊंडला आणि ऑर्डर उतरवायला. नव्यांपैकी एकाला टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब), दुसरीला शुगर आणि सॅम्पल, आणि जो मोकळा दिसेल त्याला फार्मसीचं इंडेंट (औषधांचं मागणीपत्रक), डिस्चार्जच्या फायली, विम्याचे कागद. आपल्याकडे बहुतेक वॉर्ड असेच चालतात, कारण माणसं कमी असली की या पद्धतीने काम पटापट उरकतं. मी स्वतः सात-आठ वर्षं असंच वाटलं.

नव्या मुलांचं मन इथेच मरतं, हे मला फार उशिरा कळलं.

बत्तीस पेशंटचं बीपी घेणारी मुलगी त्यांतल्या एकालाही ओळखत नाही. नऊ नंबरचं बीपी सकाळी १८० होतं, तिने डॉक्टरांना सांगितलं, गोळी लिहून झाली. पुढे काय झालं? संध्याकाळी ती ड्युटीवर नसते, दुसऱ्या दिवशी तिला शुगरला लावलेलं असतं. नऊ नंबर बरा होऊन घरी गेला की आयसीयूत गेला, तिला कळतच नाही. कॉलेजात तीन-चार वर्षं तिला शिकवलेलं असतं की पेशंट नीट बघ, त्याची गरज ओळख, केअर प्लॅन लिही, केलेल्या उपायाचा परिणाम तपास. वॉर्डात आल्यावर यातलं काहीच तिच्याकडे कुणी मागत नाही. तिच्याकडे मागतात ते बत्तीस आकडे, नऊ वाजायच्या आत. अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर या नर्सिंगच्याच संशोधिकेने १९७४ सालीच याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ म्हटलं होतं. शिकलेलं आणि प्रत्यक्षातलं यांच्यातली दरी अंगावर आली की नवीन नर्सला बसणारा धक्का. त्यानंतर काही जणी सोडून जातात. काही जणी राहतात, पण मनाने निघून जातात. तुमच्याकडे दोन्ही झालं आहे.

या विषयावर लिहिणारे जाणकार कामात मन असण्याच्या तीन खुणा सांगतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या शॉफेली आणि बाकर यांनी त्या मोजायला जी प्रश्नावली केली ती जगभर नर्सेसवर वापरली जाते. तिचं १७ प्रश्नांचं रूप आहे आणि ९ प्रश्नांचं छोटं रूपही आहे. पहिली खूण जोम: सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटतं का. दुसरी समर्पण: आपण करतो त्याला अर्थ आहे, त्याचा अभिमान वाटतो का. तिसरी तल्लीनता: काम करताना त्यात बुडून जाता येतं का. मला ही मांडणी उपयोगाची वाटते ती एवढ्यासाठी की तिघी वेगवेगळ्या कारणांनी मरतात आणि आपण सगळ्यांवर एकच औषध देतो. झोप झाली नाही की जोम जातो. पेशंट ओळखीचा नसला की समर्पण जातं. आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी हाक मारत असलं की तल्लीनता जाते. व्याख्यानाने यातलं एकही परत येत नाही.

माझ्या वॉर्डात एक मुलगी होती. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेली, हॉस्टेलला राहणारी, अतिशय अबोल. सहा महिने झाल्यावर तिच्या गोपनीय अहवालात मी ‘उदासीन’ असा शब्द लिहायच्या बेतात होते. त्याच आठवड्यात दोन जुन्या सिस्टर रजेवर गेल्या आणि नाइलाज म्हणून मी वॉर्डाचे सरळ चार भाग केले. ज्याच्या त्याच्या वाट्याला आठ खाटा, आणि त्या आठांचं सगळं त्यानेच बघायचं. तिच्या वाट्याला चौदा नंबर आला. कोकणातले साठीचे आजोबा, अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नाकातून पोटात अन्न घालायची नळी, राइल्स ट्यूब. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला मसाज, तोंडाची स्वच्छता, ट्यूबने फीड. तिसऱ्या दिवशी ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, ती आपण होऊन बोलली: ‘सिस्टर, आजोबा लाळ गिळतायत. आज खोकला आला नाही.’ सहा महिन्यांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं निरीक्षण. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तपासून परवानगी दिली. तिने आजोबांना ताठ बसवलं, पाठीशी दोन उशा लावल्या, आधी चमचाभर पाणी दिलं आणि त्यांच्या गळ्याकडे बघत थांबली. मग पुन्हा एक चमचा. मी दारातून बघत होते. मावशी हाक मारत होत्या, फोन वाजत होता, तिला काही ऐकू येत नव्हतं. नवव्या दिवशी आजोबांनी डाव्या हाताने पेज खाल्ली, आणि दहाव्या दिवशी तिच्याकडे बघून अर्धामुर्धा शब्द काढला: ‘बा...य.’ डिस्चार्जच्या दिवशी तिचा ऑफ होता. ती हॉस्टेलवरून साध्या कपड्यांत आली, आजोबांच्या सुनेला कूस कशी बदलायची ते पुन्हा एकदा करून दाखवलं आणि गेली. अहवालातला तो शब्द मी लिहिला नाही. ती मुलगी तीच होती, तिच्या हातात मी दिलेलं काम तेवढं बदललं होतं.

तेव्हा माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हेच आहे. कामं वाटू नका, पेशंट वाटा. सकाळी चार जण असतील तर आठ-आठ खाटा. नव्याच्या आठ खाटा नेहमी जुन्या सिस्टरच्या आठ खाटांना लागून ठेवा, म्हणजे मान वर केली की विचारता येतं. इन्सुलिन इन्फ्युजन, पोटॅशियम, रक्त चढवणं असली जोखमीची कामं नव्याने एकट्याने करायची नाहीत, पण करताना त्याला शेजारी उभं करायचंच, कारण पेशंट त्याचा आहे. आणि त्याच खाटा त्याला निदान आठवडाभर द्या. रोज बदलल्या तर सगळं मुसळ केरात. संध्याकाळी दोघं आणि रात्री दोघं असताना हे पूर्ण जमत नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा सोळा-सोळा करा. तरीही ‘हे सोळा माझे’ म्हणणं आणि ‘बत्तिसांचं बीपी माझं’ म्हणणं यांत फार फरक आहे.

जुन्या सिस्टर आधी कुरकुर करतील. म्हणतील, असं काम उरकत नाही. पहिले दहा-बारा दिवस खरंच उरकत नाही. राऊंडला उशीर होतो, डॉक्टर चिडतात. ते दिवस तुम्ही स्वतः राऊंडला उभ्या राहून निभवा. नंतर उलटं होतं. ‘बारा नंबरचं सोडियम आलं का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की बाराची सिस्टर पुढे होऊन उत्तर देते, फायली शोधाव्या लागत नाहीत. डॉक्टर तिला नावाने हाक मारायला लागतात. ते एवढंसं वाटतं, पण जुलैत आलेल्या मुलीला विचारा ते केवढं असतं.

दर महिन्याला वॉर्ड बदलायची पद्धत असेल तर तीही मेट्रनशी बोलून थांबवा. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या शिकण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांतली ‘सक्षम’ ही तिसरी पायरी एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर येते, असं त्या सांगतात. आणि आपण आठ महिन्यांत मुलीला मेडिसिन, सर्जरी, कॅज्युअल्टी, डायलिसिस असं फिरवतो. कुठेही हात बसायच्या आत ती परत नवखी. जिला कायम नवखं वाटतं तिला अभिमान कशाचा वाटणार?

तल्लीनतेचं थोडं वेगळं आहे. ती तुम्ही देऊ शकत नाही, पण मोडायची थांबवू शकता. औषधांचा ट्रे हातात घेतलेल्या सिस्टरला कुणीही हाक मारायची नाही, असा नियम करा. परदेशात काही रुग्णालयांत औषधं देणारी नर्स रंगीत जॅकेट घालते, त्यावर ‘व्यत्यय आणू नका’ असं लिहिलेलं असतं. आम्ही साधा लाल एप्रन शिवून घेतला होता. मावशी, मामा, नातेवाईक, एवढंच काय, निवासी डॉक्टरही शिकले. त्या वीस मिनिटांत फोन तुम्ही घ्या. औषधांच्या चुका टळतात हा फायदा मोठा आहेच, पण एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हाताने नीट पुरं केलं हे समाधान नव्या मुलांना आठवडेच्या आठवडे मिळत नाही, तेही मिळतं.

आता ओव्हर. तुमच्याकडे ओव्हर काउंटरपाशी रजिस्टर वाचून होत असेल तर ती खाटेपाशी न्या. नव्याला त्याच्या आठ पेशंटची ओव्हर स्वतः देऊ द्या. अडखळेल, थांबेल, थांबू द्या. शेवटी एक वाक्य तुम्ही बोला, पण नेमकं बोला. ‘छान काम करतेस’ म्हणून काही होत नाही. ‘सहा नंबरचं युरीन आउटपुट कमी झालेलं तू चार वाजता सांगितलंस म्हणून लॅसिक्स, लघवी वाढवणारं औषध, वेळेवर गेलं’, असं बोलला तर ती मुलगी ते वाक्य हॉस्टेलपर्यंत घेऊन जाते. चुकीचंही तसंच. नेमकं, आणि बाजूला घेऊन.

यातलं ‘बाजूला घेऊन’ मी कसं शिकले ते सांगते. मी इन्चार्ज होऊन दोनच वर्षं झाली होती. एका नव्या मुलीकडून इन्सुलिन पाऊण तास उशिरा गेलं. पेशंटला काही झालं नाही. मी तिला नातेवाइकांसमोर, काउंटरपाशी, मोठ्या आवाजात झापलं. त्या सकाळी तिच्याकडे तीन डिस्चार्ज आणि एक नवीन अ‍ॅडमिशन मीच दिलेली होती, हे मी विचारात घेतलं नाही. नंतर ती काहीच विचारायला माझ्याकडे यायची नाही. शंका आली तरी नाही. महिन्याभरात राजीनामा दिला, कारण ‘घरगुती’ लिहिलं. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, आणि तिचं नाव घेऊन माफी मागायची संधी मला पुन्हा मिळाली नाही. चूक दडवायला लागलेली नर्स पेशंटला धोकादायक असते, आणि ती दडवायला तिला शिकवणारी मीच होते. तेव्हापासून दर नव्या मुलाला मी एक जुनी सिस्टर नेमून द्यायला लागले, माझ्याहून वेगळी, अहवाल न लिहिणारी. ‘कितीही वेडगळ प्रश्न असला तरी हिला विचारायचा.’ ती सिस्टर निवडताना सगळ्यांत हुशार निवडू नका, जिला विचारायला भीती वाटत नाही ती निवडा.

नाईटबद्दल थोडक्यात: नव्यांना सलग नाईट लावून जुन्यांना वाचवणं थांबवा, नाईटनंतरचा ऑफ मोडू नका, आणि महिन्याचं वेळापत्रक महिना लागायच्या आधी लावा. घरी जायचं तिकीट काढता आलं पाहिजे. दिवाळीत कोण राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दरवर्षी तीच नवीन पोरं राहिली तर तुमचं बाकी सगळं बोलणं फुकट आहे.

आता जे तुमच्या हातात नाही त्याबद्दल. तुम्ही कितीही नीट वाटप केलं, तरी माणसं मुळातच कमी असतील तर ते पुरणार नाही, आणि हे व्यवस्थापनाला सांगायची जबाबदारी तुमची आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स, वर रजेसाठी ३० टक्के राखीव, असं आहे. अमेरिकेतल्या लिंडा एकेन यांच्या गटाने २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स थकून करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त आढळली. हे आकडे कागदावर लिहून द्या. रोज कोणत्या शिफ्टला किती पेशंट आणि किती सिस्टर, याची एक वही आजपासून ठेवा. तोंडी तक्रार विरून जाते, तीन महिन्यांची वही टेबलावर राहते.

पगाराचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली, की २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारी नर्सइतका असावा, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही तो महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावा. तुमच्या चौघांना हातात किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्यातली कुणी शिक्षणाचं कर्ज फेडत असेल, कुणाच्या पैशावर घर चालत असेल. मूळ प्रमाणपत्रं ऑफिसने अडकवून ठेवली असतील तर ती परत मिळवून द्या. डांबून ठेवलेलं माणूस जीव ओतून काम करत नाही.

‘सेवाभाव’ हा शब्द मी फार जपून वापरते, कारण तो पगाराच्या आणि माणसांच्या जागी वापरला जातो. मला नेहमी केईएमच्या परिचारिका आठवतात. १९७३ साली त्यांच्या सहकारी अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला, तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. आणि त्याच केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, २०१५ मध्ये अरुणाताई जाईपर्यंत बेचाळीस वर्षं त्यांची शुश्रूषा केली. हक्कासाठी ज्या रस्त्यावर आल्या, त्याच खाटेपाशीही उभ्या राहिल्या. तेव्हा तुमच्यातलं कुणी ड्युटी अवर्सबद्दल बोललं तर त्याला कामचुकार समजू नका. जी अजून भांडते तिचं मन अजून वॉर्डात आहे. गप्प झालेल्यांची काळजी जास्त करा.

सोडून गेलेल्या दोघींबद्दल तुम्ही स्वतःला दोष दिलेला दिसतो. त्या कुठे गेल्या ते बघा. एम्सची नॉरसेट ही नर्सभरतीची परीक्षा, सरकारी भरती, आखात, जर्मनी, आज मुलींपुढे वाटा आहेत आणि त्या असाव्यात. दोन वर्षांनी जाणारी मुलगी ती दोन वर्षं जीव लावून काम करू शकते, आणि वीस वर्षं एकाच जागी बसलेली सिस्टर रोज नुसती हजेरी लावू शकते. तुमच्याकडून गेलेली मुलगी दुसऱ्या वॉर्डात चांगलं काम करत असेल तर ते तुमचंही आहे.

व्याख्यानाचा तो एक तास व्यवस्थापनाकडून मागून घ्या, पण वेगळ्या कामासाठी. चौघांना बसवा, चहा सांगा आणि एकच विचारा: ‘या महिन्यात तुला लक्षात राहिलेला एक पेशंट सांग.’ कुणालाच सांगता आला नाही तर तुमचं वाटप कुठे चुकतंय ते तुम्हाला तिथेच कळेल.

आणि तो मोबाइलवाला ब्रदर. त्याला आज रागावू नका. माझा अनुभव असा की वॉर्डात मुलगे आले की त्यांना उचलायला, ऑक्सिजनचे सिलिंडर हलवायला, कॅथेटर घालायला आणि नातेवाइकांच्या भांडणात मध्ये उभं करायला वापरतात, आणि उरलेल्या वेळात त्यांचं म्हणून काहीच काम नसतं. सोमवारी त्याला कोपऱ्यातल्या आठ खाटा द्या. त्यांत एखादा असा पेशंट ठेवा जो आठ-दहा दिवस राहणार आहे आणि ज्याचं शुश्रूषेवर खरंच अवलंबून आहे: डायबेटिक फूट, म्हणजे मधुमेहामुळे पायाला झालेली जखम, किंवा असाच एखादा चौदा नंबर. दुपारी दोनला त्याची ओव्हर तुम्ही स्वतः उभ्या राहून ऐका. पुढच्या सोमवारी पुन्हा ऐका. मग मला कळवा, त्याने काय काय सांगितलं.